फरहाच्या नावाचा आजार

अय्याजने पेनाचं टोपण दातांत धरून ओढलं आणि मांडीवरचे कागद सरळ केले.

"मामी, नुजहतले आधीचा काही आजार? शुगर, दमा, मिरगी, टीबी, काही ऑपरेशन?"

"काही नाही," रौशनबी म्हणाल्या.

त्याचा प्रश्न अजून पुरता संपलाही नव्हता. उत्तर जरा घाईने आलं असं त्यांनाच वाटलं असावं, कारण लगेच त्यांनी खारीची बशी पुढे सरकवली. "खा ना बेटा. सकाळपासून फिरून राह्यला."

नुजहत कपाटाला टेकून उभी होती. बसायला जागा होती, पण मेडिकलला नंबर लागल्यापासून ती कुठे धड बसलीच नव्हती. घरात माणसांची रीघ लागलेली. नेरसारख्या गावातून एखादी पोरगी डॉक्टर व्हायला निघाली, की तिच्यावर अर्ध्या गावाचा हक्क असतो. कुणी म्हणे हाडांची हो, कुणी म्हणे बायांची. ज्याला स्वतःच्या गुडघ्याचं दुखणं कुणाला दाखवावं हे आजवर कळलं नव्हतं, तोही तिला पुढच्या दहा वर्षांचा रस्ता आखून देत होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई पडली नाही. नुजहत सगळ्यांना मान डोलवत होती आणि नखाने बोटाची कातडी सोलत होती.

नागपूरच्या कॉलेजने ज्या गोष्टी मागितल्या होत्या, त्यांत आरोग्य विमा होता. वॉर्डात फिरणाऱ्या पोरांना कोणता रोग कधी चिकटेल याचा नेम नाही, तेव्हा येतानाच विमा काढून या, असा त्यांचा रोखठोक हिशेब. अय्याज हा नुजहतचे अब्बू अय्यूबभाई यांच्या बहिणीचा मुलगा. यवतमाळला विम्याची एजंटी करायचा. घरचा एजंट असताना बाहेर जाणं म्हणजे नात्यात मिठाचा खडा, म्हणून त्यालाच बोलावलं होतं.

"तीन रस्ते हायेत," खारी चहात बुडवत तो म्हणाला. "एक सरकारी कार्ड. पण ते मोठ्या आजाराले, अन् ठरलेल्याच दवाखान्यात. कॉलेज ते मानते का नाही, अल्ला जाने. दुसरा माह्या कंपनीचा. त्यात सगळं येते, साध्या तापापासून. पण कंपनी जुनं सगळं विचारते. अन् तिसरा कॉलेजचा, सगळ्या पोट्ट्यायचा मिळून एकच. तो जुनं काही विचारत नाही. पण कॉलेज सुटलं का विमाही सुटला."

"मंग तुहाच चांगला न," दारातून अय्यूबभाई म्हणाले. बाजार समितीच्या रस्त्यावर त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. जेवायला घरी आले होते, पण हातात कुणाच्या तरी पंपाचा नोझल तसाच होता.

"चांगलाच हाये मामू. फक्त लपवाचं नाही. आजार असला अन् सांगितला, तं कंपनी दोन-चार वर्षं थांबवते, पण विमा देते. लपवला तं मंग सोडत नाही. आता फरहाचंच पाह्य न..."

तो थांबला. रौशनबींनी उचललेली बशी पुन्हा खाली ठेवली होती.

"आपाचं काय?" नुजहतने विचारलं.

अय्याजने मामीकडे पाहिलं. मामी खारीकडे पाहत होत्या.

"तुले नाही सांगितलं?" तो म्हणाला. "बाळंतपणानंतर निमोनिया झालता ना तिले. भरती होती. बिल कंपनीकडं टाकलं, तं कंपनीचा माणूस छातीच्या डॉक्टरायच्या मागं फिरत फिरत अमरावतीले पोचला. तिथं हिचं नाव निंघालं. फरहा अंजुम, राहणार नेर, सहा महिने टीबीचा इलाज. लग्नाच्या आधीचा. सासरी आमिरले पत्ता नाही, त्याच्या आईले पत्ता नाही. अन् पॉलिसी म्या काढून देलती! कंपनीनं हात वर केले. मले तं तोंड दाखवाले जागा नाही राह्यली."

"अन् आपा?"

"हाये तिथंच. मांगच्या खोलीत." त्याने कप खाली ठेवला. "निमोनिया बरा झाला. पण आमिरची आई लेकराले तिच्याजवळ देत नाही."

अय्यूबभाई नोझल घेऊन अंगणात गेले. जेवायचं राहिलं होतं, पण त्यांना कुणी हाक मारली नाही.

फरहाला टीबी कधी झालाच नव्हता.

फरहा अय्यूबभाईंच्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय लागोपाठ गेल्यावर ती याच घरात वाढली. नुजहतहून चार वर्षांनी मोठी. अकरावीत असताना नुजहतचा खोकला हटेना, संध्याकाळी अंग तापायला लागलं, ओढणीवर एकदा लाल ठिपका दिसला. नेरच्या दवाखान्यात न्यावं तर कंपाउंडर गल्लीतलाच. यवतमाळला न्यावं तर तिथे पाहुण्यारावळ्यांचा सुळसुळाट. म्हणून रौशनबी दोघी पोरींना घेऊन अमरावतीच्या बसमध्ये बसल्या. तिथे खिडकीतल्या माणसाने पेशंटचं नाव विचारलं आणि रौशनबी म्हणाल्या, "फरहा अंजुम."

त्यांनी हे आधी ठरवलं होतं की त्या क्षणी सुचलं, हे त्या कधीच सांगू शकल्या नसत्या. पण विचार सरळ होता. फरहाचं आमिरशी ठरलं होतं, तारीखही निघाली होती. तिचं नाव ठिकाणी पोचलं होतं, आता त्याला काय होणार? नुजहतचं अजून पोचायचं होतं. अशा घरांत आजार मुलीला होत नाही, तिच्या नावाला होतो. अंगातला आजार गोळ्यांनी जातो, नावातला जात नाही.

फरहाला यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट तिला मजाच वाटली. पहिल्यांदा कंपाउंडरने "फरहा अंजुम" असा पुकारा केला, तेव्हा सवयीने तीच उठली आणि थेट डॉक्टरसमोर जाऊन बसली. डॉक्टरने छातीला नळी लावली आणि म्हणाला, हिची छाती तर घोड्यासारखी आहे. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, आणि ती "बहिणीले पाठवते" म्हणून बाहेर पळाली. येताना बसमध्ये दोघी पोट धरून हसल्या. नुजहतला हसता हसता खोकल्याची ढास लागली, आणि मग फरहाने तिची पाठ चोळली. दर महिन्याला ती सोबत यायची. गोळ्यांनी नुजहतचं तोंड कडू झालं की ओढणीखालून आवळा सुपारी काढून द्यायची. शेवटच्या खेपेला डॉक्टरने नुजहतच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "फरहा बेटा, तू एकदम ठणठणीत. आता खूप शिक." बाहेर बाकावर बसलेली खरी फरहा हे ऐकून म्हणाली, "पाह्य, माह्यं नाव शिकून राह्यलं."

आता त्याच नावाने तिच्या मांडीवरचं मूल उचललं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं. आणि चोर इथे कपाटाला टेकून खारीची बशी पाहत उभा होता.

"कॉलेजचाच विमा घेऊ," रौशनबी म्हणाल्या.

"कॉलेजचा?" अय्याज चमकला. "मामी, आत्ताच तं तुम्ही म्हटलं काही आजार नाही. मंग माह्यात काय अडचण?"

"अडचण नाही रे. सगळ्या पोरींचा तोच राहीन, हिचा वेगळा कायले?"

अय्याजला ते लागलं. त्याने कागद गोळा केले, टोपण पेनाला लावलं, उरलेला चहा मात्र संपवला. जाताना नुजहतला म्हणाला, "मेहनत कर. घराण्याचं नाव काढ."

विम्याचा प्रश्न मिटला. कॉलेजचा विमा काही विचारणार नव्हता, म्हणजे खोटंही बोलायला लागणार नव्हतं. नुजहतला सुटल्यासारखं वाटलं. पहिल्यांदा तेच वाटलं, फरहाचा विचार त्यानंतर आला. या क्रमाची तिला इतकी लाज वाटली, की ती मोरीत गेली आणि उगाच तोंड धूत राहिली.

बाहेर आली तेव्हा रौशनबी अंबाडीची भाजी निवडायला बसल्या होत्या.

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"झाले काही दिस. आमिरच्या आईनं फोन केलता. खूप बोलली. फसवलं म्हणे आमाले."

"तू काय बोलली?"

"म्या काय बोलू? चूप राह्यली."

"चूप राह्यली म्हणजे हाव म्हटलं, अम्मी."

रौशनबींनी एक काडी मोडली. "फरहानंच सांगितलं चूप राहा म्हणून. तिचा फोन आलता. चाची, नुजूले बोलू नका, म्हणे. तिची ॲडमिशन होऊ द्या. डाक्टर होईलोक गप राहू, मंग कोणी काही म्हणत नाही."

"तोवर लेकरू शाळेत जाईन!"

"हळू बोल."

"अम्मी, बरा झालेला टीबी सांगितला म्हणून कोणी कॉलेजातून काढत नाही. विमाही भेटते. अय्याजभाई काय सांगून गेले, ऐकलं न तू?"

"कॉलेजचं नाही म्हणून राह्यली मी." रौशनबींनी पहिल्यांदा मान वर केली. "तुहे अब्बू तेलात हात घालून राह्यले सारी उमर. तू डाक्टरीन होशील, चांगल्या घरात जाशील. अन् कोणी एक जण उठून म्हणन, छातीची बीमार होती. बस, झालं. झाकली मूठ हाये, झाकलेली राहू दे."

मूठ झाकलेली होती खरी. ती झाकायला हात मात्र फरहाचा वापरला होता. हे नुजहतच्या तोंडावर आलं होतं, पण ती बोलली नाही. आईचं चुकतंय हे तिला दिसत होतं, आणि आईने हे सगळं आपल्यासाठी केलं, हेही दिसत होतं. दोन्ही एकदम दिसलं की माणसाचं तोंड बंद होतं.

तिने छतावर जाऊन फरहाला फोन लावला.

"मी मस्त हाये ग," फरहा म्हणाली. "तू सांग. पांढरा कोट घेतला का? त्यात एक फोटो काढजो अन् मले पयले पाठवजो."

मागे बाळ रडत होतं. मग रडणं लांब लांब जायला लागलं, कुणीतरी उचलून दुसरीकडे नेल्यासारखं.

"आपा, मुन्ना रडून राह्यला."

"भूक लागली असन."

"मंग पाज न."

"बाटली सुरू केली त्याची," ती म्हणाली. "चल, ठेवते. मन लावून शिक."

दुपारी नुजहत अब्बूंचा डबा घेऊन दुकानावर गेली. मागच्या हंगामात बोंडअळीने कापूस खाल्ला होता आणि फवारणीच्या विषाने माणसं दवाखान्यात पोचली होती. त्यामुळे यंदा पंप दुरुस्तीला आणणारा प्रत्येक जण घाबरलेला. पंप गळत तर नाही ना, एवढंच पुन्हा पुन्हा विचारायचा. अय्यूबभाई प्रत्येकाला पंप चालवून दाखवायचे आणि मग न विसरता सांगायचे, "पोरगी डाक्टर होऊन राह्यली माह्यी."

गिऱ्हाईक गेल्यावर नुजहत म्हणाली, "अब्बू, आपाचं तुमाले माहीत होतं?"

अय्यूबभाईंनी एक वायसर उचललं, उजेडात धरलं, खाली ठेवलं, दुसरं उचललं.

"आपा तुमच्या भावाची लेक हाये."

"हे तुही अम्मी पाह्यते," ते म्हणाले. "बायांच्या गोष्टी." आणि मग त्यांनी पंपाची मोटर सुरू केली. ती मघाशीच तपासून झाली होती. नुजहत उभी होती तोवर त्यांनी ती बंद केली नाही.

त्या रात्री तिने बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली. आईने झोपेतून विचारलं, काय करून राह्यली? ती म्हणाली, काही नाही. तेच उत्तर आईने अय्याजला दिलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि मग तिला झोपच लागली नाही.

निघण्याआधी एक काम टाळता येण्यासारखं नव्हतं. फरहाच्या सासरी पेढे न्यायला हवे होते. गावभर पेढे वाटले आणि व्याह्यांकडेच नेले नाहीत, तर आमिरची आई हमीदाबी त्याचा भलताच अर्थ काढणार. आधीच नातं तुटायला आलेलं. रौशनबींनी चांगली अर्धा किलोची पेटी घेतली, वर लाल दोरा बांधून घेतला आणि यवतमाळच्या बसमध्ये नुजहतला खिडकीकडे बसवून स्वतः कडेला बसल्या. जणू पोरगी मधेच उतरून पळणार होती.

"तिथं काही बोलाचं नाही," त्या म्हणाल्या. "पेढे द्याचे, चहा प्याचा, निंघाचं."

नुजहत बाहेर पाहत राहिली. दोन्ही बाजूंना कापूस गुडघ्याएवढा झाला होता. एका शेतात तोंडाला फडकं गुंडाळलेला माणूस पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालला होता. काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं. बोलायचं की नाही, हेही ठरवलं नव्हतं. फक्त पाय सारखा हलत होता आणि रौशनबींनी दोनदा त्यावर हात ठेवूनही थांबला नव्हता.

आमिरचं घर कळंब चौकाच्या मागच्या गल्लीत. तो स्वतः दुकानावर गेला होता. हमीदाबींनी दार उघडलं, रौशनबींकडे पाहून चेहरा जरा आखडला, पण नुजहतवर नजर जाताच तो सैल झाला.

"माशाअल्लाह! आमची डाक्टरीन!" त्यांनी नुजहतच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "ये, ये. खानदानात पयलीच तू."

घर अरुंद आणि लांब होतं. बैठकीमागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे अंधारी खोली. त्या खोलीच्या दारात फरहा उभी होती. उंबऱ्याच्या आत. नाकातोंडावरून ओढणी घेतलेली. नुजहतला पाहून तिचे डोळे हसले. नुजहत उठून तिकडे निघाली, तशा हमीदाबी म्हणाल्या, "इथूनच बोल बेटा, इथूनच. तुले आता शिकाले जायचं हाये."

बोलण्यासारखं काही उरलं नाही. फरहाच्या कुडत्याच्या छातीवर दोन ओले डाग होते. तिने ते ओढणीने झाकले, तर तोंड उघडं पडलं. मग तिने तोंड झाकलं.

पेढे दिले गेले. हमीदाबींनी पेटी उघडून एक रौशनबींना दिला, एक स्वतः घेतला. मग आतल्या पाळण्यातून नातवाला उचलून आणलं आणि नुजहतच्या मांडीवर ठेवलं.

"घे. डाक्टरीनच्या मांडीवर बसू दे माह्या मुन्नाले. काही गुण लागू दे त्याले."

मूल जड होतं, कोमट होतं आणि त्याला बाटलीच्या दुधाचा वास येत होता. त्याने नुजहतचं बोट धरलं आणि तोंडात घातलं. नुजहतने मान वर केली नाही, तरी उंबऱ्याच्या आतून दोन डोळे आपल्या हातांकडे लागलेत हे तिला कळत होतं. फरहाने लहानपणी तिला काय नाही दिलं? स्वतःच्या ताटातलं अंडं, ईदच्या बांगड्या, शाळेतला मार. पण हे देणं नुजहतला सोसवेना.

"आता तूच सांग नुजहत," हमीदाबी जवळ सरकल्या. आवाज खाली केला, पण एवढा नाही की मागे ऐकू जाऊ नये. "तू शिकलेली पोरगी. हिले अजून किती दिस दूर ठेवाचं लेकरापासून? साल? दोन साल? मी काही दुश्मन नाही तिची. माह्यी सख्खी नणंद गेली या आजारानं. म्या केलं तिचं सगळं, म्या पाह्यलं रक्त. मले धडकी भरते."

रौशनबींचा हात नुजहतच्या मनगटावर आला. बोटं घट्ट झाली.

"इलाज पुरा झाला का मंग लागत नाही खाला," नुजहत म्हणाली. "दूध पाजलं तरी काही होत नाही."

"ते किताबातलं झालं."

"नाही, खरंच."

"तू तं बहिणीचीच बाजू घेशील." हमीदाबींनी मान हलवली. "जिनं लग्नाआधी एवढी मोठी गोष्ट लपवली, तिच्या बरं झालो म्हणण्यावर मी कसा भरोसा करू?"

एवढं सांगून गप्प बसता आलं असतं. बहिणीसाठी बोललो, खालाने मानलं नाही, आपण काय करणार? चहा प्यायचा, निघायचं. कॉलेजचा विमा काही विचारणार नव्हता. आयुष्यात पुन्हा कुणी काही विचारलंच नसतं.

"आपानं काही लपवलं नाही," नुजहत म्हणाली. "टीबी मले झालता."

बाळाने तोंडातलं बोट सोडलं. मागे फरहा जोरजोराने मान हलवत होती, नको, नको.

हमीदाबी एकदा तिच्याकडे, एकदा फरहाकडे पाहत राहिल्या. आणि मग चक्क हसल्या.

"पाह्य समधन! कशी जान टाकते बहिणीवर! अशी पोरगी नशिबानं भेटते." त्यांनी नुजहतच्या डोक्यावरून हात फिरवला. "पण बेटा, असं अशुभ आपल्यावर ओढून घेऊ नये. अमरावतीच्या डाक्टरकडं नाव हिचं हाये. कंपनीचा माणूस काय खोटं बोलन? त्याले काय पडलं?"

"नाव आपाचं होतं. बीमार मी होती."

"हाव, हाव." हमीदाबींनी तिला लहान मुलासारखं थोपटलं. "मोठी दिलवाली हायेस तू. विचारा तुमी समधन, हे शिकवलं कोणी हिले?"

नुजहतला हे सुचलंच नव्हतं. बोलायचं धाडस होईल की नाही, हीच तिची काळजी होती. बोलून कुणी विश्वासच ठेवणार नाही, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तीन वर्षं जपलेलं खोटं आता इतकं पक्कं झालं होतं, की तिच्या एकटीच्या खऱ्याने ते हलत नव्हतं. तिने आईकडे पाहिलं.

रौशनबी पेढ्याच्या पेटीचा लाल दोरा बोटाला गुंडाळत होत्या. गुंडाळून झाला की सोडत होत्या. त्यांनी फक्त हसायचं होतं. हमीदाबींनी वाट करून दिली होती. हो ना, वेडी आहे पोरगी, एवढं म्हटलं की झालं. बोटाचं टोक दोऱ्याने पांढरं पडलं होतं.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. नुजहतला वाटलं, निघायचंच म्हणून उठल्या.

"दे इकडं," त्या म्हणाल्या आणि वाकून नुजहतच्या मांडीवरून बाळ उचललं.

नुजहत आजारी असताना त्या असंच करायच्या. शेजारचं एखादं लेकरू रांगत तिच्या खाटेशी आलं, की काही न बोलता यायच्या आणि हळूच उचलून न्यायच्या. उचलताना लेकराचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवायच्या, नुजहतचा श्वास लागू नये म्हणून. आत्ताही त्यांनी ते वळवलं. सवयीने. त्यांना स्वतःला ते कळलंही नसेल. हमीदाबींना कळलं. नणंदेच्या खाटेशी त्यांनी स्वतः किती लेकरं तशी उचलली होती.

रौशनबी स्वयंपाकघर ओलांडून गेल्या. उंबऱ्याशी थांबल्या, आणि मूल फरहाच्या हातांत दिलं. फरहाचे हात आधी पुढे आलेच नाहीत. मग आले.

"नाव म्या सांगितलं होतं," रौशनबी म्हणाल्या. हमीदाबींकडे त्यांची पाठ होती. "खिडकीत. या दोघी पोरी होत्या, अन् म्या हिचं नाव सांगितलं."

फरहाने नाकावरची ओढणी काढली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि बाळाला कुशीत घेतलं. त्याला बाटलीची सवय लागली होती. ते तोंड फिरवून रडायला लागलं.

बैठकीत हमीदाबी नुजहतकडे पाहत होत्या. मग त्यांनी तिच्या डोक्यावरचा हात काढून घेतला आणि थोड्या सरकून बसल्या, वीतभरच. नुजहतला ते दिसलं. यापुढे हे किती वेळा, किती घरांत दिसणार आहे, हे तिला त्या वीतभरात समजलं. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण दिवसभर हलणारा तिचा पाय आता थांबला होता.

आत बाळ रडत होतं. फरहा त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होती. रौशनबी दाराला धरून उभ्याच होत्या. मग रडणं तुटक झालं, आणि थोड्या वेळाने थांबलं.